माध्यमे आणि जाहिराती आपल्याला कशा पटवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाहिरात, बातमी आणि त्यांच्यासोबत येणारी चित्रे यांविषयी वाचक पुन्हा पुन्हा विचारतात त्या प्रश्नांची ही उत्तरे. एक सूत्र तुम्हाला सगळीकडे सापडेल: आपल्याला जे पटते ते बहुतेक वेळा समोरच्याने सांगितलेले नसते. त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेत आपणच ते भरलेले असते.

जाहिराती खोटे बोलतात का?

फार कमी वेळा. उघड खोटे पकडता येते, त्यावर तक्रार होऊ शकते, दंडही बसतो. त्यापेक्षा खरीच वाक्ये निवडायची आणि मधली एखादी गोष्ट सांगायची राहू द्यायची, हे सोयीचे पडते. 'आता अधिक पांढरेशुभ्र' हे वाक्य घ्या. कशापेक्षा अधिक? याच कंपनीच्या जुन्या पावडरीपेक्षा, दुसऱ्या कंपनीच्या पावडरीपेक्षा, की नुसत्या पाण्यातून काढलेल्या कपड्यापेक्षा? वाक्यात तुलना आहे, पण तुलनेची दुसरी बाजूच नाही. ती बाजू आपण भरतो आणि भरताना जाहिरातदाराच्या सोयीचीच भरतो.

हे तंत्र नवे नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावर लिहिताना हे नोंदवून ठेवले आहे. वक्त्याने युक्तिवादाची प्रत्येक पायरी बोलून दाखवायची गरज नसते. श्रोत्यांना जे आधीच ठाऊक आहे ते गाळले तरी चालते, कारण ती पायरी ते स्वतःच घालतात. आणि स्वतः घातलेल्या पायरीवर संशय घ्यायचे आपल्याला सहसा सुचत नाही.

मजकूर वाचताना कोणत्या शब्दांपाशी थांबावे?

छोट्या शब्दांपाशी. 'अद्वितीय', 'क्रांतिकारी' अशी मोठी विशेषणे वाचून आपण पुढे जातो, ती फारसे नुकसान करत नाहीत. खरे काम 'पर्यंत', 'पासून', 'जवळजवळ', 'सारखे', 'मदत करते' हे शब्द करतात. '५० टक्क्यांपर्यंत सूट' यातले ५० डोळ्यांत भरतात आणि 'पर्यंत' विरून जाते. बहुतेक वस्तूंवर दोनच टक्के सूट असली तरी वाक्य खरेच राहते. 'केसगळती कमी करण्यास मदत करते' यात केसगळती कमी होईल असे वचन कुठेच नाही. पोस्टरवर आकडा हातभर आणि 'पर्यंत' बोटभर अशी मांडणी दिसली की समजावे, ज्याने पोस्टर केले त्यालाही कोणता शब्द महत्त्वाचा आहे हे नीट माहीत होते.

दुसरा गट 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'विकास', 'स्वातंत्र्य' अशा शब्दांचा. यांना कोणी विरोध करत नाही, म्हणून त्यांचा अर्थही कोणी विचारत नाही. १९३७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा ॲनालिसिस' ही संस्था सुरू झाली आणि तिने प्रचाराच्या सात युक्त्यांची एक यादी केली. विरोधकाला वाईट नाव चिकटवणे, चकचकीत पण पोकळ शब्द वापरणे, एखाद्या आदरणीय गोष्टीची झळाळी आपल्याकडे ओढून घेणे, कोणाची तरी साक्ष काढणे, 'मी तुमच्यातलाच' असे दाखवणे, फक्त सोयीची पाने उघडी करणे आणि 'सगळे निघालेत, तुम्हीही चला' म्हणणे. यादी आजही उपयोगी आहे. पण मला तिचा एक धोका वाटतो. युक्तीचे नाव ओळखता आले की काम झाले असे वाटते आणि नेमके काय गाळले गेले हे पाहायचे राहून जाते.

एका शब्दाने खरोखर एवढा फरक पडतो?

पडतो, आणि तो मोजलेला आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती होता ते विचारले. प्रश्न एकच, फक्त क्रियापद बदलत होते. 'एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा' अशा अर्थाचे क्रियापद वापरले तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल आले. 'एकमेकींना लागल्या तेव्हा' असे सौम्य क्रियापद वापरले तेव्हा ३१.८ मैल. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी आठवड्याने विचारले, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण 'हो' म्हणाले. साधे क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी ७. म्हणजे शब्दाने अंदाज तर बदललाच, काही जणांच्या आठवणीत काचही फोडली.

१९८१ मध्ये आमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमन यांनी एक काल्पनिक साथ मांडली. ६०० जीव धोक्यात आहेत आणि दोन उपायांपैकी एक निवडायचा आहे. पहिल्या उपायाने '२०० जण वाचतील' असे सांगितले तेव्हा ७२ टक्के लोकांनी तो निवडला. तोच उपाय '४०० जण मरतील' या शब्दांत मांडला तेव्हा निवडणारे उरले २२ टक्के. गणित तेच होते. एका मांडणीत मेलेल्यांचा उल्लेख नव्हता, दुसऱ्या मांडणीत वाचलेल्यांचा.

राजकारणात हे ज्ञान मुद्दाम वापरले जाते. अमेरिकेतले सल्लागार फ्रँक लुंट्झ यांनी २००२ च्या सुमारास आपल्या पक्षाला लेखी सल्ला दिला की 'जागतिक तापमानवाढ' म्हणण्यापेक्षा 'हवामान बदल' म्हणा, कारण तो शब्द कमी भीतिदायक आहे. २०१९ मध्ये सिनेटच्या एका समितीपुढे त्यांनी आपण त्या वेळी चुकलो होतो असे सांगितले. पण शब्द तोवर सगळीकडे रुळला होता, आणि आता ते नाव वापरणाऱ्या बहुतेकांच्या मनात तसा हेतूही नसतो.

बातमी तर तटस्थ असते ना?

बातमीदाराची इच्छा तटस्थ राहण्याची असू शकते. वाक्याला मात्र कुठून तरी सुरुवात करावीच लागते. मराठीपुरते बोलायचे तर सगळा खेळ 'करणे' आणि 'होणे' या दोन क्रियापदांत आहे. 'पोलिसांनी लाठीमार केला', 'लाठीमार करण्यात आला', 'लाठीमार झाला'. पहिल्या वाक्यात करणारा समोर उभा आहे. दुसऱ्यात तो पडद्याआड गेला आहे, पण कोणीतरी होता एवढे कळते. तिसऱ्यात लाठीमार पावसासारखा आपोआप झाला आहे. तिन्ही वाक्ये खरी, तिन्ही व्याकरणशुद्ध.

इथे न्यायाने वागले पाहिजे. घटना नुकतीच घडलेली असते आणि कोणी काय केले हे बातमीदाराला ठाऊक नसते, तेव्हा 'झाला' हाच प्रामाणिक शब्द असतो. म्हणून एका दिवसाच्या एका वाक्यावरून निकाल देऊ नये. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीची बातमी पाहावी. सगळे माहीत झाल्यावरही कर्ता वाक्यात परतला नाही, तर तो वगळलेला आहे. आणखी एक पाहावे: एका बाजूच्या कृत्यांना नेहमी कर्ता मिळतो आणि दुसऱ्या बाजूची कृत्ये नेहमी 'होतात', असे तर नाही ना?

तसेच बोलण्याच्या क्रियापदांचे. एखाद्याने एक विधान केले. 'म्हणाले' लिहिले तर ते विधान राहते. 'दावा केला' लिहिले की त्यावर संशयाची सावली पडते. 'कबूल केले' म्हटले की माणूस गुन्हेगार वाटायला लागतो. 'निदर्शनास आणून दिले' म्हटले की विधान सिद्ध झालेलेच ठरते. अवतरणचिन्हांतला मजकूर अक्षरशः तोच असतो आणि वाचकाचे मत अवतरणचिन्हांच्या बाहेर तयार होते. बातमीत मला सगळ्यात आधी हेच क्रियापद पाहायची सवय लागली आहे.

मथळ्याला प्रश्नचिन्ह का असते?

बहुधा उत्तर हाती नसते म्हणून. 'मंत्री राजीनामा देणार?' यात काहीच सांगितलेले नाही, त्यामुळे काहीच चुकीचे ठरत नाही. वाचकाच्या मनात मात्र मंत्री आणि राजीनामा एकत्र बसतात. मजकुरात ठोस काही सापडले नाही तर तो मथळा विसरायचा प्रयत्न करा. सोपे नाही ते.

जाहिराती 'आपण', 'आपले', 'तू' असे का बोलतात?

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटले की तो आत. अनेक भाषांत हा भेद नाही, आपल्याकडे आहे आणि तो पटवण्यासाठी भरपूर वापरला जातो. 'आपण हे करून दाखवलं' असे नेता म्हणतो तेव्हा तुम्हाला न विचारता तुमची गणती त्याच्या बाजूला झालेली असते. 'आपला ब्रँड' म्हणणाऱ्या कंपनीत तुमचा वाटा काहीच नसतो.

संबोधनातली दुसरी गंमत पानाच्या तळाशी दिसते. वर मोठ्या अक्षरांत 'तुझ्यासाठी', 'तुमच्या स्वप्नांसाठी' असते. खाली बारीक अक्षरांत, जिथे जबाबदारी तुमच्यावर येते, तिथे तुम्ही एकदम 'ग्राहक' किंवा 'अर्जदार' होता: 'ग्राहकाने सर्व अटी वाचल्या आहेत असे गृहीत धरले जाईल.' जवळीक जिथे संपते तिथून करार सुरू होतो, म्हणून तो भाग आधी वाचावा.

फोटो तर पुरावा असतो. त्यात भाषा कुठे आली?

फोटो कशाचा तरी पुरावा असतोच, पण कशाचा, हे चौकट ठरवते. रस्त्यावर तीस माणसे आहेत. कॅमेरा खाली धरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने, दाटीवाटीने उभ्या लोकांवर रोखला तर प्रचंड गर्दी दिसते. छतावरून काढला तर मोकळा रस्ता आणि त्यात एक लहानसा घोळका दिसतो. माणसाला खालून टिपले की तो मोठा वाटतो, वरून टिपले की दबलेला. चौकटीबाहेर काय राहिले हे फोटो कधीच सांगत नाही.

शिवाय चित्राचा अर्थ शेजारच्या चित्रावरून ठरतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे दृश्य वेगवेगळ्या दृश्यांना जोडले. त्यांचे सहकारी पुदोव्हकिन यांच्या वर्णनानुसार ती दृश्ये होती सुपाची वाटी, शवपेटीतली स्त्री आणि खेळणारी लहान मुलगी. प्रेक्षकांना चेहऱ्यावर आळीपाळीने विचारमग्नता, दुःख आणि कौतुक दिसले आणि त्यांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली. चेहरा तिन्ही वेळा तोच होता. भाव प्रेक्षकांनी आपल्याकडचे घातले. वृत्तवाहिनीवर एखाद्याचे नाव घेताना मागे दंगलीची जुनी दृश्ये फिरत असतात तेव्हा हेच घडते, आणि त्या माणसाचा दंगलीशी संबंध होता असे निवेदक एकदाही म्हणत नाही.

आणि मग फोटोओळ. वर्तमानपत्रात फोटोखाली छापलेली ती एक ओळ चित्राचे शंभर अर्थ पुसून एकच ठेवते. धावणाऱ्या मुलाच्या फोटोखाली 'पळ काढताना' लिहिले की तो चोर, 'मदतीला धावताना' लिहिले की तो देवदूत.

चित्रात थेट फेरफार केव्हापासून होऊ लागला?

छायाचित्रणाइतकाच जुना आहे तो. दोन प्रसंग सांगतो, कारण दोन्हींत नामांकित प्रकाशने होती. फेब्रुवारी १९८२ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने उभ्या मुखपृष्ठात आडवा फोटो बसवण्यासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकाने एकमेकांजवळ सरकवले. जून १९९४ मध्ये 'टाइम'ने खुनाच्या आरोपावरून अटक झालेले कृष्णवर्णीय अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो गडद करून मुखपृष्ठावर छापला. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तोच फोटो न बदलता छापल्यामुळे दोन्ही अंक शेजारी ठेवून फरक दिसला आणि मोठा वाद झाला. तुलनेला दुसरा अंक नसता तर? मला हा प्रश्न त्या फेरफारापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

शरीराच्या फोटोंबाबत काही देशांनी नियम केले आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलचे शरीर बारीक किंवा जाड करून छापलेल्या जाहिरातीवर तसे लिहावे लागते. नॉर्वेत २०२२ पासून असाच नियम लागू झाला. संगणकाने तयार केलेल्या चित्रांनी आता प्रश्न आणखी अवघड केला आहे, कारण तिथे मुळात बदलायला फोटोच नसतो.

जाहिरातीतले प्रात्यक्षिक खरे असते का?

एक प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले होते. दाढीच्या क्रीमच्या जाहिरातीत सँडपेपरवर क्रीम लावून लगेच त्यावरून वस्तरा फिरवलेला दिसे आणि सँडपेपर गुळगुळीत होई. प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हताच, पारदर्शक प्लास्टिकवर चिकटवलेली वाळू होती. खरा सँडपेपर तसा तासायचा तर सुमारे ८० मिनिटे भिजवावा लागे. १९६५ मध्ये न्यायालयाने ठरवले की प्रेक्षकाला 'तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पुरावा पाहत आहात' असे भासवायचे आणि समोर नकली वस्तू ठेवायची, ही फसवणूकच आहे.

मला या निकालातले बारकाईचे कलम आवडते. न्यायालयाने पडद्यावरच्या प्रत्येक नकली वस्तूला हरकत घेतली नाही. देखावा म्हणून नकली वस्तू चालते. पुरावा म्हणून चालत नाही.

रंगांचा परिणाम होतो ना? लाल म्हणजे भूक, निळा म्हणजे विश्वास?

अशा तक्त्यांवर फार विसंबू नका. रंगांचे अर्थ संदर्भाने, सवयीने आणि संस्कृतीने बदलतात. जो पांढरा एका ठिकाणी लग्नाचा, तोच दुसऱ्या ठिकाणी शोकाचा. रंगाचे खरे काम बहुधा साधे असते: ओळख पटवणे आणि नजर हव्या त्या जागी नेणे.

क्षणभर चमकणारे छुपे संदेश आपल्याला वस्तू घ्यायला लावतात, हे खरे आहे का?

ज्या प्रयोगामुळे ही समजूत पसरली तो बनाव होता. १९५७ मध्ये जेम्स विकरी या बाजार-संशोधकाने जाहीर केले की चित्रपट चालू असताना डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने 'पॉपकॉर्न खा' असा संदेश दाखवल्यावर विक्री ५७.५ टक्क्यांनी वाढली. जगभर घबराट झाली. १९६२ मध्ये त्यानेच एका मुलाखतीत मान्य केले की हा धंदा वाचवण्यासाठी केलेला प्रकार होता. तरी गोष्ट अजून सांगितली जाते. तिच्यातला दशांश चिन्हापुढचा आकडा पाहा: ५८ ऐवजी ५७.५. तो मोजल्यासारखा वाटतो, म्हणून खरा वाटतो.

तीच जाहिरात इतक्या वेळा का दाखवतात?

कारण ओळखीचे ते आवडीचे होते आणि पुन्हा ऐकलेले ते खरे वाटते. १९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी दाखवले की अर्थहीन शब्दसुद्धा वारंवार समोर आले की लोकांना बरे वाटू लागतात. १९७७ च्या एका अभ्यासात काही आठवड्यांच्या अंतराने तीच विधाने पुन्हा ऐकवली तेव्हा लोकांना ती आधीपेक्षा अधिक खरी वाटली, मग ती खोटी का असेनात. अफवा खोडून काढतानाही म्हणून काळजी घ्यावी लागते. खोटे वाक्य मथळ्यात जसेच्या तसे छापून खाली 'हे खोटे आहे' म्हटले, तर वाचकापर्यंत बरेचदा मथळाच पोहोचतो.

डॉक्टर किंवा प्रसिद्ध व्यक्ती सांगते तेव्हा तरी विश्वास ठेवावा का?

ती व्यक्ती कशातली जाणकार आहे आणि तिला पैसे कोणी दिले, हे आधी पाहावे. १९४६ पासून अमेरिकेत 'इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा जास्त डॉक्टर कॅमल ओढतात' अशी जाहिरात वर्षानुवर्षे चालली. आधाराला पाहणी होती. पण ती जाहिरात संस्थेच्याच माणसांनी केली होती, आणि अनेक डॉक्टरांना बहुधा फुकट कॅमल वाटून झाल्यावर लगेच त्यांची आवड विचारली गेली होती. शिवाय वाक्यात सिगारेट निरुपद्रवी आहे असे कुठे म्हटले होते? पांढरा कोट पाहून ते लोकांनी स्वतःच ताडले.

बातमी आणि जाहिरात यांतला फरक कसा ओळखायचा?

'पुरस्कृत', 'सशुल्क भागीदारी', 'माध्यम उपक्रम' असे शब्द शोधा. ते बहुधा कोपऱ्यात, फिकट अक्षरांत असतात. पण सगळ्यात प्रभावी जाहिरात कधी कधी खरीखुरी बातमीच असते. ३१ मार्च १९२९ रोजी, ईस्टरच्या दिवशी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींनी भर मिरवणुकीत सिगारेटी पेटवल्या. स्त्रियांनी रस्त्यावर सिगारेट ओढणे तेव्हा निषिद्ध मानले जाई. वर्तमानपत्रांनी ते बंड म्हणून छापले. त्यामागे होते अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी काम करणारे जनसंपर्क सल्लागार एडवर्ड बर्नेज. सिगारेटींना त्यांनी 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटले होते. स्त्रियांचा समानतेचा आग्रह खरा होता, त्या दिवशी मिरवणुकीत दिसलेले धाडसही खरे होते. त्याच्या बळावर तंबाखू विकला गेला, याचा मला आजही राग येतो.

आकडे आणि आलेख तरी खोटे बोलत नाहीत ना?

आलेखाचा उभा अक्ष कुठून सुरू होतो ते पाहा. ९४ आणि ९६ यांचे स्तंभ शून्यापासून काढले तर जवळपास सारखे दिसतात. ९३ पासून काढले तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट होतो. तसेच 'धोका दुप्पट झाला' ऐकल्यावर विचारा, कितीचा दुप्पट? लाखात एकाचे दोन झाले तरी दुप्पटच.

मला हे सगळे कळते, माझ्यावर जाहिरातींचा परिणाम होत नाही. बरोबर?

असे जवळजवळ सगळ्यांनाच वाटते. १९८३ मध्ये समाजशास्त्रज्ञ फिलिप्स डेव्हिसन यांनी याला 'तिसऱ्या व्यक्तीचा परिणाम' असे नाव दिले: प्रचार माझ्यावर नाही, तुमच्यावरही फारसा नाही, पण 'त्या' लोकांवर नक्की होतो. हे वाक्य लिहिताना मीही त्यातून सुटलेलो नाही. युक्त्या माहीत असल्याने मदत होते, पण थकलेले, घाईत किंवा रागात असताना ती माहिती हाताशी येत नाही. आणि समोरचा मजकूर आपल्याच मताचा असेल तर आपण ती वापरतही नाही.

मग कोणाला पटवणे हेच वाईट का?

नाही. लस घ्या, सीटबेल्ट लावा, रक्तदान करा असे सांगणाऱ्या मोहिमाही चित्र, भावना आणि नेमके शब्द वापरतात, आणि त्यांनी तसे करायलाच हवे. मी एक कसोटी लावतो. गाळलेली गोष्ट ऐकणाऱ्याला सांगितली तर तो मत बदलेल का? सीटबेल्टच्या जाहिरातीमागचे सगळे आकडे समोर ठेवले तरी ती टिकते. कॅमलच्या पाहणीमागची फुकट पाकिटे समोर आली की ती जाहिरात कोसळते.

रोज करता येईल असा एखादा सराव सांगाल?

मुलांबरोबर करायला चांगला आहे आणि मोठ्यांनाही अवघड जातो. बातमीतला एक फोटो घ्या, फोटोओळ कागदाने झाका आणि फोटोत प्रत्यक्ष जे दिसते तेवढेच लिहा. 'रागावलेला माणूस' नाही, 'तोंड उघडे, हात वर, मागे चार जण'. मग कागद काढा आणि छापलेली ओळ वाचा. तिच्यातल्या ज्या शब्दांना फोटोत आधार सापडत नाही, त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग आपल्याला पटणाऱ्या बाजूच्या वर्तमानपत्रावर करा.